पारख दोन्हीकडची

उज्जैनच्या बाजारात जुन्या घड्याळाला हात लावला, की दुकानदाराचं वाक्य ठरलेलं असतं, "दीदी, एकदम ओरिजिनल है." मग आपण काय करावं? मान डोलवावी, की "जरा झाकण उघडून दाखवा" म्हणावं? पुष्कळ जणींना तसं म्हणताना संकोच वाटतो. समोरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं ना! पण मैत्रिणींनो, आपण पाणी गाळून पितो तेव्हा विहिरीवर आळ घेत नाही. आपल्या हातून हिंसा होऊ नये म्हणून गाळतो. पारखही तशीच.

एचएमटीचं 'जनता' घ्या. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बेंगळुरूला एचएमटीची घड्याळं तयार होऊ लागली. कुणाच्या लग्नात, कुणाच्या पहिल्या पगारात ती घरात आली. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता ही किल्लीची घड्याळं हौसेनं शोधली जातात, आणि हौस आली की नक्कलही येते.

बघायचं ते सोपं आहे. भिंगातून तबकडीवरची अक्षरं पाहावीत. कारखान्याची छपाई रेखीव असते. हातानं पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं पसरतात, मिनिटांचे ठिपके जागा सोडतात. केसचा मुलामा झिजून पितळ दिसतंय आणि तबकडी मात्र काल केल्यासारखी कोरी, तर विचारावं. मग घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्यावं. तबकडीवर एका कंपनीचं नाव आणि आतल्या मशीनवर दुसऱ्याच कंपनीचं, असं तर नाही ना, एवढं पाहावं.

आता खरा प्रश्न. तबकडी बदलली म्हणजे घड्याळ खोटं झालं का? मला तसं वाटत नाही. आपल्या उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधली. ती पडझडीला आली, तेव्हा १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. म्हणून तिथलं सम्राट यंत्र नकली ठरलं नाही. जीर्णोद्धार कुणी लपवलाच नाही. दुरुस्ती हा दोष नव्हे. दुरुस्ती झाकून पुरा भाव घेणं हा दोष.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला एक प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणं. तो विकणाऱ्याला लागतो हे आपल्याला पटकन पटतं. पण त्याच्या शेजारीच दुसरा अतिचार आहे, हीनाधिक मानोन्मान. देताना कमी मापानं द्यायचं, घेताना जास्त मापानं घ्यायचं. यातला 'घेताना' हा शब्द आपल्यासाठी आहे.

समजा, एखादी म्हातारी बाई नवऱ्याचं घड्याळ घेऊन आपल्या दारी आली. "याचे काय येतील गं?" म्हणून विचारते. आपण भिंग लावलं, झाकण उघडलं, सगळं अस्सल निघालं. ती म्हणते, "तीनशे दे." आपल्याला त्याचा भाव कितीतरी जास्त ठाऊक आहे. गप्प बसलो तर?

कुणी म्हणेल, बाजारात घासाघीस चालतेच. चालू दे. माल ओळखणाऱ्या दुकानदाराशी खुशाल घासाघीस करावी. तो आपला भाव राखायला समर्थ आहे. पण जी आपल्यालाच भाव विचारते, तिनं तराजू आपल्या हाती दिलेला असतो. तिथं गप्प राहणं म्हणजे घेताना मोठं माप लावणं. तीनशे तिनं स्वतः मागितले, एवढ्यानं ते माप लहान होत नाही.

म्हणून पारख शिकावी, आणि दोन्हीकडे वापरावी. विकत घेताना पावतीवर "तबकडी नवी, मशीन जुनं" असं स्वच्छ लिहून मागावं. पुढे तेच घड्याळ कुणाला विकलं, नाहीतर सुनेला हौसेनं दिलं, तर तेवढं वाक्य सोबत द्यावं. त्यानं घड्याळाची किंमत चार पैशांनी उतरेल. घड्याळ वेळ तेवढीच दाखवेल.