उत्तर अंगणात, प्रश्न परगावी

शाळेतले मित्र पांगले की ग्रुपवर शुभेच्छा, वाढदिवसाचे केक आणि इकडून तिकडे ढकललेले सुविचार एवढंच उरतं. आमचा रत्नागिरीच्या वर्गमित्रांचा ग्रुपही बरेच दिवस असाच पडून होता. तो बोलता झाला सामान्यज्ञानाच्या प्रश्नांमुळे. रात्री जेवणं आटोपली की एकाने प्रश्न टाकायचा. ज्याचं उत्तर बरोबर, त्याने उद्याचा प्रश्न काढायचा. नियम एकच, गुगल करायचं नाही. तो पाळला जातो की नाही हे कुणी तपासत नाही. मित्रांत तपासायचं काय?

सुरुवातीला राजधान्या, नद्या, नोबेल असे स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकातले प्रश्न आले नि गेले. मग आखातात नोकरी करणाऱ्या मित्राने विचारलं, “कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा कोणता?” उत्तर करबुडे. साडेसहा किलोमीटरांचा हा बोगदा उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये, म्हणजे आमच्या दारातच. मुंबईचा मित्र दर गणपतीला त्यातून येतो. “अरे, अंधार झाला की सामान आवरायला घ्यायचं, रत्नागिरी आली, एवढंच मला ठाऊक,” असं त्याने लिहिलं. वर्षानुवर्षं आपण उत्तराच्या पोटातून प्रवास करतो आणि प्रश्न येतो समुद्रापलीकडून! माझ्या मनात हे फार खोल गेलं.

गावात राहणाऱ्याला गाव दिसत नाही, हे खरंच आहे. थिबा राजवाडा आम्ही लहानपणापासून पाहिलेला. थिबा पॉइंटवर सूर्यास्ताला जायचं, भेळ खायची, परत यायचं. पण पुण्यातल्या एकाने जोडप्रश्न टाकला, “दिल्लीचा शेवटचा बादशहा कुठे वारला आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा कुठे?” बहादूरशहा जफर 1862 मध्ये रंगूनला, थिबा 1916 मध्ये रत्नागिरीत. इंग्रजांनी एका राजाला तिकडे नेऊन ठेवलं, दुसऱ्याला इकडे आणलं. दोघांनाही माती परक्या मुलखाची मिळाली. दोन्ही गोष्टी आम्हाला सुट्या सुट्या माहीत होत्या. शेजारी शेजारी ठेवून कुणी दाखवल्या नव्हत्या.

त्या रात्री उत्तर मिळाल्यावरही कुणी झोपायला गेलं नाही. रत्नागिरीच का, हा पुढचा प्रश्न आपोआप आला. 1886 मध्ये थिबाला इथे आणलं तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, ती 1998 ला पूर्ण झाली. बाहेरचा माणूस यायचा तो बहुधा बोटीने, आणि पावसाळ्यात दर्या खवळला की तीही वाट बंद. राजाला विसरायला लावायचं तर असंच गाव हवं. आपल्या गावाचं अडनिडेपण हा कुणाच्या तरी शिक्षेचा भाग होता, हे त्या रात्री प्रथमच जाणवलं. 1910 मध्ये राजवाडा बांधून झाला आणि सहाच वर्षांत राजा गेला. त्याची एक नात मात्र मराठी बोलत याच गावात म्हातारी झाली. हे शेवटचं सांगितलं ते आमच्यातल्या सर्वांत अबोल मित्राने. त्याने ते घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं होतं. इतकी वर्षं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

चांगला प्रश्न माणसाला बोलतं करतो म्हणून मला तो उत्तराहून मोलाचा वाटतो. उत्तर आज फोन उचलला की मिळतं. पण अमक्याला हे विचारावं, त्याला आवडेल, असं कुणाच्या तरी मनात यावं लागतं. आमच्यातली एक मैत्रीण संस्कृत शिकवते. तिच्यासाठीच एकाने विचारलं होतं, “रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन भारतरत्न कोणते?” महर्षी कर्वे सगळ्यांना आले, 1958 चे. दुसऱ्या नावासाठी सगळे थांबून राहिले, तिने सांगावं म्हणून. पां. वा. काणे, 1963, धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक, चिपळूणजवळचे. ठाऊक असलेल्यांनीही बोट आवरून धरलं, ही मला त्या दिवसाची खरी श्रीमंती वाटली.

लोकमान्यांचा जन्म कुठला, असं मात्र आमच्यात कुणी विचारत नाही. टिळक आळीतून शाळेत गेलेल्यांना तो प्रश्नच वाटत नाही.

सध्या ग्रुप अडला आहे तो कातळशिल्पांवर. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली माणसं, मासे, हत्ती लहानपणी गुराख्यांना दिसत होते. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा औषधालाही नाही. मग कोरणाऱ्याने तो पाहिला कुठे? कधी? एकाचं म्हणणं, ज्याचं उत्तर प्रश्न टाकणाऱ्याकडे नाही तो प्रश्न ग्रुपवर चालणार नाही. मला तोच सर्वांत जास्त चालावा असं वाटतं. हा एकच प्रश्न असा आहे की ज्यात कुणी परीक्षक नाही, सगळे एका बाकावर आहेत. कुणी त्या काळच्या हवामानाबद्दल वाचतंय, कुणी जुन्या प्राण्यांच्या हाडांबद्दल. पावसाआधी सड्यावर जाऊन यायचं ठरतंय. आखातातला मित्र म्हणतो, मी मे महिन्यात येतो, तोवर थांबा.