कान्होबांचं भांडणही गाथ्यातच आहे

चि. बाळ,


तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर हे तुला बोलता आलं नसतं, लिहिलंस ते बरं केलंस. तू विचारतेस, "बाबा गेल्यावरही देव चांगला आहे असं तू म्हणतेस का, आत्या?" म्हणते. गेला तो माझा पाठचा भाऊ होता, त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय, आणि तरीही म्हणते. पण हे एका वाक्यात सांगून तुला गप्प करायचं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी दहाव्याच्या दिवसाबद्दल. तुझ्या आईला कुणी म्हणालं, देवाची इच्छा. कुणी म्हणालं, चांगली माणसं देवालाही हवी असतात. आणि एका गृहस्थांनी तुकोबांचा दाखला दिला की बायको गेली, पोर गेलं, दिवाळं निघालं, तरी "हे बरंच झालं" असं तुकाराम महाराज देवाला म्हणाले. तू तिथून उठून गोठ्यामागे जाऊन उभी राहिलीस, ते मी पाहिलं होतं. तुला राग आला तो योग्यच होता. त्या गृहस्थांचं मन वाईट नव्हतं, पण दाखला चुकीच्या ठिकाणी दिला. तुकोबांचे त्या अर्थाचे अभंग आहेत, हे खरं. पण ते त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलेत, आणि त्या दुःखातून पार झाल्यावर म्हटलेत. देहूच्या त्या घरात सुतक चालू असताना कुणी ओसरीवर बसून त्यांना "बरं झालं" असं ऐकवल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. आपल्या जखमेबद्दल असं बोलायचा हक्क ज्याची जखम त्याचा. तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून आला की त्याचा धोंडा होतो.

तू लहानपणापासून दिंडीत चाललीस, अभंग तुला पाठ आहेत; पण त्या घरात काय काय घडलं, हे सलग कुणी सांगितलं नसेल. मी शाळेत इतिहास शिकवला, म्हणून थोडं त्या अंगाने सांगते.

1630 साली पाऊस पडला नाही. गुजरात आणि दख्खन दोन्ही होरपळले, आणि पुढची दोन वर्षं माणसं आणि जनावरं तडफडून मेली. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला. वाटेत पाहिलेली प्रेतं आणि ओस गावं त्याने लिहून ठेवली आहेत. या दुष्काळात देहूचं एक खातंपितं वाण्याचं घर मोडलं, तुकोबांचं. आईवडील आधीच गेले होते. थोरल्या भावाची बायको वारली आणि तो भाऊ घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. मग दुष्काळ. तुकोबांची थोरली बायको रखमाबाई, तिला दम्याचा विकार होता असं सांगतात. ती अन्न अन्न करत गेली. हे मी पदरचं घालत नाही, तुकोबांनी स्वतः आपली हकीकत एका अभंगात सांगितली आहे, त्यात हे आहे. तिचा लहानगा मुलगा संतोबाही गेला.

त्या अभंगातला क्रम बघ. पैसा गेला, मान गेला, बायको गेली, लाज वाटू लागली, धंद्यात खोट आली. आणि त्यानंतर लगेच काय, तर गावातलं देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. मधे कुठेही "देवाने असं का केलं" याचं उत्तर मिळाल्याचं लिहिलेलं नाही. उत्तर मिळालं म्हणून ते उठले नाहीत. त्यांच्या घराण्यातल्या विश्वंभरबाबांपासून चालत आलेलं ते विठ्ठलाचं देऊळ पडायला आलं होतं, आणि हात रिकामे होते. एवढ्यावर ते उठले.

दुसरं त्यांनी केलं ते कर्जखतांचं. लोकांकडून येणं होतं त्याचे कागद घरात होते. धाकटा भाऊ कान्होबा यांना त्यांच्या वाटणीचे अर्धे दिले, आपले अर्धे इंद्रायणीत बुडवले. दुष्काळातून वाचलेल्या कितीतरी घरांच्या मानेवरचं जोखड त्या दिवशी उतरलं असेल. ज्याचं सगळं गेलं त्याच्या हातून दुसऱ्यांना सोडवणूक मिळाली. याला मी देवाचा चांगुलपणा म्हणते. रखमाबाईंच्या मरणाला नाही म्हणत. तिचं मरण वाईटच होतं, आणि ते वाईट म्हटल्याने देवाचा काही अपमान होत नाही.

आता तुकोबांच्या धाकट्या बायकोबद्दल, जिजाबाईंबद्दल, कारण तुझ्या आईकडे बघताना मला त्याच आठवतात. कीर्तनकारांनी या बाईवर फार अन्याय केलाय. कजाग, तोंडाळ, देवाला शिव्या घालणारी आवली, असं रंगवून लोकांना हसवतात. महिपतीबुवांनी अठराव्या शतकात तुकोबांचं चरित्र लिहिलं, त्याला पुढे प्रत्येकाने आपापलं तिखटमीठ लावलं. पण त्याच कथांमध्ये असंही आहे की ही बाई रोज भाकऱ्या बांधून, उन्हात डोंगर चढून नवऱ्याला शोधत जायची, आणि तो जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. पायात काटा मोडला तेव्हा विठ्ठलाने स्वतः येऊन तो काढला, असं परंपरा सांगते. ज्या बाईने त्याला तोंडावर नावं ठेवली, तिच्या पायाशी तो बसला. मला आपल्या सगळ्या संतकथांमध्ये ही गोष्ट सर्वात खरी वाटते. देवावर रागावलेल्या माणसाजवळ देव येत नाही, असं तुला कुणी सांगितलं तर जिजाबाईंचं नाव सांग.

तू लिहिलंस की हरिपाठाला बसलं की राग येतो, आणि मग त्या रागाचीच भीती वाटते. तर कान्होबांकडे जा. 1650 साली तुकोबा गेले. आपण वारकरी सदेह वैकुंठगमन म्हणतो आणि बीजेचा सोहळा करतो. पण त्या दिवशी त्या घरात सोहळा नव्हता. कान्होबांनी तेव्हा केलेले अभंग गाथ्यात आहेत. काळीज दुभंगलं म्हणतात, लेकरं आक्रोश करताहेत म्हणतात, आणि तुझ्यापायी माझ्या भावाची ताटातूट झाली असं पांडुरंगाला तोंडावर सुनावतात. अतिशय जळजळीत शब्द आहेत. आपल्या पूर्वजांना ते अभंग गाळता आले असते. "देवाला असं बोलू नये" म्हणून बाजूला ठेवता आले असते. त्यांनी ठेवले नाहीत. ज्या ग्रंथाला आपण डोकं टेकवतो, त्यातच ते भांडण जपलं. मग तुझा राग हरिपाठात बसत नाही असं तू का समजतेस? तो घेऊनच बस. कान्होबा तुझ्यासारखेच रक्ताच्या माणसासाठी भांडत होते.

आणि पुढचं ऐक. तुकोबा गेले तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या, असं परंपरा सांगते. मग नारायण जन्मला. त्या मुलाने बापाचं तोंडही पाहिलं नाही. याच नारायणमहाराजांनी 1685 मध्ये तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीत घेऊन पंढरीची वाट धरली. वारी त्याआधीही होतीच, पण हा पालखी सोहळा त्यांच्यापासूनचा. दरवर्षी लाखो माणसं ज्या पालखीमागे चालतात, तुझे बाबा वीस-बावीस वर्षांचे असल्यापासून जिच्यामागे चालत आले, ती वडिलांचा सहवास न लाभलेल्या मुलाने सुरू केली. त्याला वडील दिले कुणी? आईने दिले, चुलत्याने दिले, गावाने दिले. अभंग सांगून सांगून दिले. आशा म्हणजे काय असं तू विचारशील तर मला व्याख्या सांगता येणार नाही, पण या मुलाकडे मी बोट दाखवीन.

हे सगळं जुन्या काळातलं झालं. आता आपल्या घरातलं सांगते, तुला माहीत नसलेलं. तुझे आतोबा गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस. मी शाळेतून यायचे आणि दार लावून बसायचे. तुझे बाबा दर शनिवारी निमगावहून एसटीने यायचे. पिशवीत मळ्यातली पानं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरायचे, दोन विडे लावायचे, एक माझ्यापुढे सरकवायचे. देवाचं नाव नाही, उपदेश नाही. "भाजी काय केलीस?" एवढंच विचारायचे. केली नाही म्हटलं की स्वतः उठून पिठलं टाकायचे, गुठळ्या झालेलं. संध्याकाळच्या गाडीने परत. बरेच महिने हे चाललं. देव मला त्या काळात देवळात सापडला नाही. तो ओसरीवर बसून सुपारी कातरत होता, असं मी आज पूर्ण श्रद्धेने म्हणते.

आणि आताही बघ. बाबा गेले त्या दिवसापासून दहाव्यापर्यंत आपल्या घरात चूल पेटली नाही, तरी कुणी उपाशी राहिलं नाही. भावकीतून भाकऱ्या आल्या, पलीकडच्या आळीतून चहाची किटली येत राहिली. पानमळ्याचं पाणी तुटलं तर वेल माना टाकतात. तुमच्या पाण्याची पाळी रात्री असायची, ती शेजारच्या मळेकऱ्यांनी आपसात वाटून घेतली आणि घरी कळूही दिलं नाही. तुझ्या बाबांशी बांधावरून ज्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, ते गृहस्थही एका रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला उभे होते. याने बाबा परत येत नाहीत, मला ठाऊक आहे. नुकसान भरून निघालं असंही मी म्हणत नाही. ते भरून निघत नाही. पण वाईट घडलं त्याच रात्री मळ्यात कुणीतरी उभं होतं, हेही तितकंच खरं आहे, आणि हिशेबात फक्त पहिलं धरायचं नि दुसरं सोडायचं हा न्याय नव्हे.

तुझ्या आईने विचारलंय की यंदा घरात सण नाहीत, तर पालखी मुक्कामाला येईल तेव्हा दिंडीला जेवण घालायचं की नाही. मी घाला म्हणून सांगितलंय. सण वेगळा, वारकऱ्यांचं जेवण वेगळं. बाबांचे टाळ देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला आहेत, त्यांची दोरी विरली आहे, ती बदलून आण. पुण्यात मिळेल. आणि मुक्कामाच्या दोन दिवस आधी ये. पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक आहे, तुझ्या आईला एकटीला उरकायचा नाही. तोवर रोज रात्री तिला फोन कर आणि जेवलीस का म्हणून विचार. ती हो म्हणेल. काय जेवलीस, तेही विचार.

तुझी,
आत्या