आदेशाखाली सही कोणाची?

२२ सप्टेंबर १९६२. दिल्लीत संरक्षण मंत्रालयात बैठक भरली होती. नेफामधल्या (आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या) थागला भागातून चिनी सैनिकांना हुसकावून लावावे, असा सरकारचा आग्रह होता. लष्करप्रमुख जनरल थापर यांना त्यातला धोका दिसत होता, म्हणून त्यांनी आदेश लेखी मागितला. पंतप्रधान नेहरू परदेशात होते, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला. लेखी आदेश आला, पण त्याखाली सही होती मंत्रालयातल्या एका सहसचिवाची. चार आठवड्यांनी, २० ऑक्टोबरला, चीनने हल्ला केला.

त्या सहसचिवाला दोष देण्यात अर्थ नाही. वरून आलेला निर्णय त्याने कागदावर उतरवला. प्रश्न आहे तो देशाला युद्धाकडे नेऊ शकणारा आदेश निवडून आलेल्या एकाही माणसाच्या सहीविना निघू शकला याचा. संरक्षण मंत्रालय कशासाठी असते, याचे उत्तर या प्रसंगात दडले आहे. युद्ध सैन्य लढते, रणनीती सेनापती आखतात, हिशेब अधिकारी ठेवतात. मंत्र्याने करायचे ते काम दुसऱ्या कोणालाच करता येत नाही. विरोधी सल्ला ऐकून घेणे, वेळेत निर्णय देणे आणि त्या निर्णयाची जबाबदारी संसदेपुढे स्वतःच्या नावावर घेणे, हे ते काम.

मेनन बुद्धिमान होते. देशी शस्त्रनिर्मितीचा आग्रह त्यांनी धरला, मिग-२१ विमानांचा करारही त्यांच्याच काळातला. पण ऐकून घेणे त्यांना जमले नाही. १९५९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी मेनन यांच्याशी मतभेद होऊन राजीनामा दिला. नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागे घेतला गेला, पण मंत्री आणि सेनापती यांच्यातला विश्वास परतला नाही. पुढे तर महत्त्वाच्या बैठकांची इतिवृत्तेसुद्धा ठेवली जात नव्हती. कोण काय म्हणाले याची नोंदच नसेल, तर पुढे जाब कोणाला विचारणार?

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनच्या एकतर्फी युद्धबंदीच्या दिवशीच, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्रीपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राने तेव्हापासून अभिमानाने जपले. मात्र त्या अभिमानात यशवंतरावांचे खरे काम झाकले गेले. ते धावून गेले यापेक्षा तिथे बसून त्यांनी काय केले, ते मोलाचे आहे. त्यांना लष्कराचा अनुभव नव्हता आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्यासोबत रोज सकाळी बसण्याची पद्धत त्यांनी पाडली. मतभेद समोरासमोर मांडायला त्यामुळे जागा मिळाली. १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना तयार झाली. सव्वाआठ लाखांचे सैन्य, हवाईदलाच्या ४५ स्क्वाड्रन, डोंगरी लढाईसाठी खास डिव्हिजन, अशी उद्दिष्टे आकड्यांत ठरली. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तो याच काळात.

या घडणीची परीक्षा १ सप्टेंबर १९६५ रोजी झाली. जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग मंत्र्यांकडे आले आणि त्यांनी हवाई हल्ल्याची परवानगी मागितली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली होती. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता काही मिनिटांत होकार दिला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने झेपावली. किंमत मोजावी लागली. पहिल्याच दिवशी चार व्हँपायर विमाने पडली. तरीही निर्णय कोणाचा, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

चांगला मंत्री लाभणे हा मात्र योग असतो, आणि देशाचे संरक्षण योगावर सोडता येत नाही. म्हणून व्यवस्थेकडे पाहावे लागते. जेट प्रशिक्षण विमाने हवीत, ही शिफारस १९८२ मध्ये झाली. त्यासाठी हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. मधली बावीस वर्षे तरुण वैमानिक साध्या प्रशिक्षण विमानांवरून थेट मिग-२१ वर जात राहिले. चुकीच्या खरेदीची चौकशी होते, न झालेल्या खरेदीची होत नाही. त्यामुळे फाइल पुढे ढकलणे हाच अधिकाऱ्याला सुरक्षित मार्ग वाटतो. त्याला हिंमत द्यायची असेल तर त्याच्या टिपणीवर मंत्र्याने स्वतःचे नाव लावले पाहिजे.

कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने संरक्षणदल प्रमुख हे पद सुचवले. ते निर्माण व्हायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. पहिले संरक्षणदल प्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या अपघाती निधनानंतर ते नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहिले. मंत्रिपदाचीही तीच गत. गोव्याच्या मनोहर पर्रीकरांना नोव्हेंबर २०१४ मध्ये हे खाते मिळाले, मार्च २०१७ मध्ये ते गोव्याला परतले. त्याआधी आणि त्यानंतर काही महिने अर्थमंत्र्यांनीच संरक्षण खाते जोडीला सांभाळले. तिजोरी राखणारा आणि तिजोरीकडे मागणी करणारा एकच माणूस असेल, तर सैन्याची बाजू मांडणार कोण?

सेनापतींना अधिक अधिकार दिले की सारे सुधारेल, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. लष्करी बाबींत सेनापतींचा शब्द वजनदार असलाच पाहिजे, पण युद्ध आणि शांततेचा निर्णय जनतेला उत्तर देणाऱ्याचाच हवा. नागरी नियंत्रण म्हणजे लोकप्रतिनिधींचे नियंत्रण. कारकुनी फाइलींचे नव्हे आणि एका मंत्र्याच्या लहरीचेही नव्हे. त्यासाठी लोकप्रतिनिधींना काम करावे लागते. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटी रुपयांचा होता. संरक्षणाच्या मागण्या मात्र लोकसभेत अनेकदा चर्चेविनाच मंजूर होतात.

१९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. १९६३ मध्ये यशवंतरावांनी लोकसभेला त्यातले धडे थोडक्यात सांगितले, अहवाल मात्र गुप्त ठेवला. युद्ध नुकतेच संपले होते, तेव्हा ते समजण्यासारखे होते. साठ वर्षांनंतर ते समर्थनीय नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पक्षाच्या सरकारने तो दडवून ठेवला आहे. सरकारने हा अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध करावा, आणि महाराष्ट्रातल्या खासदारांनी ती मागणी पक्षभेद विसरून संसदेत लावून धरावी. यशवंतरावांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांचे हे कर्तव्यच आहे.