देवदार की कळलावी?

सौंसरकडील एका लहानशा मंडळीत गेल्या पावसाळ्यात एक प्रश्न निघाला. उपासनामंदिराच्या आवारात, विहिरीच्या बाजूला, थोडी जागा मोकळी होती. मंडळीतील एका वयोवृद्ध काकांच्या पत्नी आदल्या वर्षी प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ तेथे काही लावावे व त्याचा खर्च आपण द्यावा, अशी काकांची इच्छा होती. ते म्हणाले, "लावायचा तर देवदार लावा. पवित्र शास्त्रातल्या लबानोनी गंधसरूचा तो सख्खा भाऊ. शंभर-दोनशे वर्षे उभा राहील."

शब्बाथशाळेच्या बाई भीतभीत म्हणाल्या, "काका, काकूंना कळलावी आवडायची. श्रावणात मुलांना घेऊन त्या नाल्याकाठी ती दाखवायला जायच्या. तीच लावली तर?"

काकांना ते रुचले नाही. "बाई, ते रानातले फूल. चार दिवस फुलायचे नि वाळून जायचे. माझ्या माणसाची आठवण काय चार दिवसांची आहे?"

यावर कोणी काही बोलले नाही. मीही त्या बैठकीस होतो, आणि मलाही उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र वाटू लागले की, हा प्रश्न केवळ बागेचा नाही. जे मोठे व दीर्घायुषी तेच आदरास पात्र, आणि जे लहान व अल्पकाळ टिकणारे ते कमी मोलाचे, हे आपण कशावरून ठरवितो?

काकांचे चुकले, असे म्हणण्याची घाई करू नये. महावृक्षापुढे मनुष्याचे मस्तक लवते, ते उगीच नव्हे. हिमालयात देवदार पन्नास मीटरपर्यंत वाढतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत सेक्वोया नावाचे याहून प्रचंड सूचिपर्णी वृक्ष आहेत. त्यांपैकी 'जनरल शर्मन' या नावाने ओळखला जाणारा वृक्ष सुमारे ८४ मीटर उंच असून त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. म्हणजे प्रभू येशू गालीलात फिरत होता त्या काळी तो वृक्ष उभा असणे शक्य आहे! ज्याची सावली आपल्याला मिळणार नाही असे झाड लावणे हे निःस्वार्थ काम होय. काकांच्या मनात हेच असावे.

परंतु त्या वृक्षराजाचे बी पाहिले तर ते गव्हाच्या दाण्याहूनही हलके असते. जे आज मोठे आहे तेही एके काळी फुंकरीने उडून जाईल एवढेच होते. तेव्हा मोठेपणा हा कोणाचा जन्मजात हक्क नव्हे. योग्य भूमी, योग्य हवा आणि पुष्कळ काळ लाभला म्हणजे तो येतो. देवदाराला दीड हजार मीटरच्या वरची थंडी हवी असते. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे तो लावणे म्हणजे त्याचा सन्मान नव्हे, त्याला शिक्षा आहे.

आता कळलावी पाहा. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. तेथे सागाचे रान आहे. अशा रानाच्या कडेला पावसाळ्यात तिचा कोंब जमिनीतून वर येतो. तिच्या पानाचे टोकच तणाव्यासारखे वळते आणि शेजारच्या झुडपाला धरून ती वर चढते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, खाली पिवळ्या व वर तांबड्या. जणू दिव्याची ज्योत. हिवाळा आला की वेल वाळून जाते. परंतु ती मेलेली नसते. जमिनीखाली तिचा कंद निजलेला असतो आणि पुढल्या पावसाची वाट पाहत असतो. मात्र तिचेही एकतर्फी गुणगान नको. ही वेल विषारी आहे, आणि कंद तर फारच. त्याच कंदापासून औषधही होते, आणि त्या लोभाने लोकांनी रानेच्या राने उकरल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती दुर्मिळ झाली आहे. म्हणजे लहान ते सर्व निष्पाप व निरुपद्रवी, असेही मानू नये.

टिकण्याच्या बाबतीत आपल्याच भागातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ साली वेगळे होईपर्यंत ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होते, त्या जिल्ह्यात मोहगाव कलां नावाचे गाव आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर पसरत होते त्या काळातील वनस्पती तेथे दगड होऊन राहिल्या आहेत. तेथे सूचिपर्णी वृक्षाचा शंकू सापडला; शास्त्रज्ञांनी त्याला मोहगावचेच नाव दिले. आणि तेथेच एक इवलेसे फूलही दगड झालेले सापडले. १९४४ साली शुक्ल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले व थोर शास्त्रज्ञ बिरबल साहनी यांच्या नावावरून त्याला 'साह्नियँथस' हे नाव दिले. त्या फुलाचेही आयुष्य चार दिवसांचेच असेल. तरी वृक्षाचा शंकू आणि ते फूल दोन्ही सारखीच राखली गेली. दोघांपैकी कोणीही स्वतःच्या बळावर टिकले नाही.

शलमोन राजाच्या ज्ञानाविषयी शास्त्रात लिहिले आहे की, तो लबानोनावरील गंधसरूविषयी बोले, तसाच भिंतीतून उगवणाऱ्या एजोबाविषयीही बोले. यात कोण श्रेष्ठ, असा निवाडा त्याने केल्याचे तेथे सांगितलेले नाही. दोघांकडे लक्ष देणे हेच ज्ञान मानले आहे. रानात अशी तुलना होत नाही. सागाला वेलीचा हेवा नाही, वेलीला सागाचा नाही. आपण कुंपण घालतो, जागा अपुरी पडते, आणि मग तुलना सुरू होते. निवड करणे भाग आहे, हे खरे. परंतु एकाची निवड केली म्हणजे दुसरे हलके ठरले, असे नव्हे.

पंधरा दिवसांनी काका स्वतःच बाईंकडे आले. ते जुने संत्रेवाले आहेत. म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, कलम लावण्याआधी जमिनीला विचारा, पाणी साचत असेल तर संत्रा लावू नका. आणि इथे मीच जमिनीला विचारायचे विसरलो. तिला काय आवडायचे, तेही विसरलो."

कंद रानातून न उकरता रोपवाटिकेतून आणविला. लहान मुलांचा हात पोहोचू नये म्हणून कुंपणाच्या आतल्या बाजूस तो लावला, आणि तो विषारी आहे हे बाईंनी मुलांना समजावून सांगितले. भाद्रपदात तीन फुले आली. दिवाळीनंतर वेल वाळली. काकांनी त्या जागेभोवती दगडांचे कडे केले आहे. उन्हाळ्यात तेथे काहीच दिसत नाही. झाडलोट करणाऱ्या मुलाने एकदा तेथे कुदळ टाकली, तेव्हा काका ओसरीवरून ओरडले, "अरे, तिथे नको! तिथे आहे ती."

देवदार लावला असता तर त्याने काकूंची आठवण उभी राहून सांगितली असती. कळलावीची आठवण काकांना स्वतः राखावी लागते. कोणती आठवण अधिक मोलाची, हे मी ठरवीत नाही. परंतु शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एखाद्या रविवारी मुलांना आवारात न्यावे, सर्वांत मोठे झाड व सर्वांत लहान फूल शोधावयास सांगावे, आणि मग विचारावे: यांतले एक नाहीसे झाले, तर दुसऱ्याने त्याची जागा भरून निघेल काय?

मुले काय उत्तर देतात, ते आपण मोठ्यांनीही लक्ष देऊन ऐकावे.