माशापेक्षा मोठं जाळं

मिनेसोटात मस्कीच्या मागे लागलेला माणूस त्याच्या होडीवरून नाही, जाळ्यावरून ओळखावा. तीन फुटांच्या आसपास रुंद तोंड, तेवढीच खोल झोळी आणि लांबलचक दांडा. होडीत ते कुठेही ठेवा, पायात येतंच. आणि गंमत म्हणजे या जाळ्याने मासा पकडत नाहीत. मासा आधीच गळाला लागलेला असतो. त्याला होडीपाशी सांभाळायला हे लँडिंग नेट.

मस्की म्हणजे मस्कलंज, उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला लांबुळका, दातेरी शिकारी. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा केलं. तिथल्या हेवर्ड गावात त्याचा एवढा मोठा फायबरग्लासचा पुतळा आहे की माणसं त्याच्या जबड्यात उभी राहून फोटो काढतात. दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एकदा लागणारा मासा, अशी त्याची ख्याती. आकड्यात अतिशयोक्ती आहे, पण अख्खा दिवस हात दुखेपर्यंत आमिष फेकून रिकामं परतणं हे इथे नेहमीचंच.

मग नव्या माणसाला साधा प्रश्न पडतो: जो मासा बहुतेक दिवशी येणारच नाही, त्याच्यासाठी एवढं अवजड आणि महाग जाळं कशाला? निम्म्या किमतीचं घेतलं तर काय बिघडलं? दुकानात हा खर्चाचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे.

लहान जाळ्यात चार फुटी मासा मावत नाही. तो वाकतो, शेपूट बाहेर राहते, मासा गिरकी घेतो. मस्कीच्या आमिषाला तीन तोंडांचे मोठे गळ असतात. त्यातला एक जबड्यात आणि दुसरा जाळीत अडकला की मासा धडपडून स्वतःलाच फाडतो. जाळी गाठींच्या नायलॉनची असेल तर अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, पर चिरतात. हा थर त्याचं रोगापासूनचं कवच. मोठ्या, रबराचा लेप दिलेल्या, सपाट बुडाच्या जाळ्यात तोच मासा सरळ राहतो, पाण्यातच. कल्ले चालू असतात. पक्कड आणायला, गळ निघत नसेल तर कटरने तोडायला वेळ मिळतो. म्हणजे योग्य आकाराचं जाळं हे खरं तर होडीला टेकवलेलं छोटंसं तळं.

म्हणून माप ठरवायचं ते सरासरी माशावरून नाही, त्या तलावात असू शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या माशावरून. मिनेसोटात बहुतेक तलावांत ५४ इंचांपेक्षा लहान मस्की घरी नेता येत नाही. त्याहून मोठा लागला तरी बरेच लोक सोडूनच देतात. एवढे मोठे मासे बहुतेक माद्या, आणि तेवढं वाढायला त्यांना दशकाहून जास्त काळ लागलेला असतो. मासा काठाशी आल्यावर छाती धडधडत असते, हात थरथरत असतात, सोबतचा ओरडत असतो. त्या क्षणी कुणीही फार शहाणपणाने वागत नाही. तेव्हाचं शहाणपण दोन महिने आधी दुकानात, डोकं थंड असताना विकत घेऊन ठेवावं लागतं.

पूर्वी हे असं नव्हतं. होडीशी आलेल्या मस्कीला आकडीने टोचत, सोट्याने मारत, काही जण चक्क पिस्तूल झाडत. १९६६ साली मिनेसोटात सुरू झालेल्या ‘मस्कीज इंक’ या संघटनेने पकडा आणि सोडा हा विचार लावून धरला. आज मस्की मारून घरी नेणाऱ्याकडे इथले लोक जरा तिरकेच बघतात.

इथे माझी आई मधे येते. ती मालवणची. फोनवर मी हे सगळं कौतुकाने सांगत होतो. तिने शांतपणे विचारलं, “सोडायचाच होता तर धरलास कशाला?”

हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. स्वित्झर्लंडचा कायदा आईच्या बाजूने आहे: सोडून देण्याच्याच हेतूने मासेमारी करायला तिथे २००९ पासून बंदी आहे. जर्मनीतही सबळ कारणाशिवाय प्राण्याला त्रास देणं गुन्हा आहे, आणि खाणं हे कारण ठरतं, खेळणं ठरत नाही. माशाला वेदना कळतच नाहीत, हे उत्तरही आता पुरत नाही. लिन स्नेडन यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू दाखवून दिले. वाद अजून चालू आहे, पण मला तरी संशयाचा फायदा माशालाच द्यावासा वाटतो.

मच्छीमार हौशींचं ठरलेलं उत्तर पैशाचं असतं. अमेरिकेत १९५० च्या डिंगल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरचा कर माशांसाठी राखून ठेवला. तो राज्यांकडे जातो, माशांच्या संवर्धनासाठी. गळ, रीळ, इतकंच काय लँडिंग नेटवरही तो आहे. मिल लॅक्ससारख्या तलावात सरकार मस्कीची पिल्लं सोडतं, ती याच हौशींसाठी. मुद्दा खरा आहे. पण तो मस्की नावाच्या जातीला लागू पडतो. माझ्या गळाला लटकलेल्या त्या एका मादीला या कराचा काय उपयोग? जातीचं भलं केलं म्हणून तिच्यापैकी एकीला छळायचा परवाना मिळत नाही.

तेव्हा मोठं जाळं मला निर्दोष ठरवत नाही, हे मला मान्य आहे. तरी मी जातो. धुकं, पाणी, आणि आमिषामागे अचानक उमटणारी ती लांब सावली, यांचा मोह आहे, दुसरं मोठं कारण नाही. मात्र मोह पुरवायचा ठरवला की त्याचा खर्च कोण उचलणार हे उरतं. लहान जाळं घेणारा तो खर्च माशावर ढकलतो. मोठं घेणारा त्यातला थोडा आपल्या खिशावर, आपल्या अडचणीवर घेतो. फरक एवढाच, पण माशाच्या बाजूने बघितलं तर एवढासा नाही. याच हिशोबात उन्हाळ्यात पाणी २७ अंशांच्या आसपास गेलं की मस्कीच्या वाटेला न जाणंही येतं, कारण कोमट पाण्यात दमलेला मासा सुटूनही मरू शकतो. आणि फोटोसाठी मासा वर उचलताना आपलाही श्वास रोखायचा, हा इथला जुना सल्ला. आपल्याला गुदमरलं की माशाला खाली ठेवायचं.

हे सगळं मी आईला सांगितलं. जाळ्याचं माप हाताने दाखवलं, व्हिडिओ कॉलवर. तिने ते नीट बघितलं आणि म्हणाली, “एवढ्यात बांगडे किती येतील रे?”