कुणाचं कर्म?

"कुणाचं पाप फेडतेय माझी पोर?" सुकट निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं. नणंदेला पोटाचा कॅन्सर निघाला होता. सासरेही सातपाटीच्या याच घरात पोटाच्या दुखण्यानं गेलेले. मी बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि गळ्यात माळही आहे. दोन्हींना स्मरून उत्तर देणं मला भाग आहे.

न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या माणसं जठराच्या कॅन्सरनं जात होती, त्यातली कित्येक ऐन तरुणपणी. १९९८ साली पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांना त्यांच्या सीडीएच१ या जनुकात दोष सापडला. आईकडून किंवा बापाकडून तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. मूल पापी की पुण्यवान, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

असा वारसा मोजक्याच घरांत असतो. एरवी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, खारवलेलं अन्न, तंबाखू आणि जनुकं मिळून हा रोग घडवतात. भारतात जंतू घरोघरी, तरी जपान-कोरियापेक्षा हा कॅन्सर पुष्कळ कमी. मिझोराममध्ये मात्र तो फार. जपानी माणसं अमेरिकेत गेली आणि तिथं जन्मलेल्या त्यांच्या मुलांत प्रमाण उतरलं. रक्त तेच, ताट बदललं. म्हणून मांगेला, वाडवळ, वारली किंवा तारापूरच्या कारखान्यात आलेला परप्रांतीय, कुणाच्याही जातीवर रोगाचा शिक्का मारणं मला अधर्म वाटतं.

मग प्रारब्धाचं काय? शास्त्र म्हणतं, तेही आपल्याच मागच्या कर्माचं फळ. माझं दुःख सोसायला मला त्याचा आधार होतो. पण दुसऱ्याच्या दुखण्याकडे बोट दाखवून हेच म्हणायचा अधिकार मला नाही. कर्मसिद्धांत स्वतःला लावायचा असतो. शेजाऱ्याला लावला की तो निव्वळ निष्ठुरपणा होतो. दुसऱ्याचं दुखणं समोर आलं की माझ्यापुरतं क्रियमाणच उरतं, म्हणजे आता माझ्या हातून काय घडायला हवं ते.

ते उघड आहे. पालघरहून पहाटेची गाडी धरून नणंदेबरोबर परळच्या टाटा मेमोरियलला जायचं. डॉक्टर घराण्यातले आजार विचारतात, तेव्हा सासऱ्यांचं दुखणं न लाजता सांगायचं. पाप समजून ते झाकलं, तर भाच्यांपर्यंत धोका पोचेल, पण वेळेवरची सूचना पोचणार नाही.