फुकट प्रवास

गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात वाचला असता तर मी जांभई देऊन पान उलटलं असतं. पण तो मला भेटला मॉरिशसमध्ये, चालत्या बसमध्ये, आणि तिथे पान उलटायची सोय नव्हती.

मुलाने हौसेने आम्हा दोघांना आठ दिवस त्या बेटावर पाठवलं होतं. हॉटेल उत्तरेला, ग्रां बेला. बेट केवढं? लांबी पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला निघालेला माणूस जरा डुलकी लागली तर इथे समुद्रात पडायचा. पण तेवढ्यात फिरायलासुद्धा टॅक्सीवाल्याने पहिल्या दिवशी असा आकडा सांगितला की, आमची ही म्हणाली, "आपल्याला बेट बघायचंय, विकत नाही घ्यायचं." आणि आम्ही बसने फिरू लागलो.

बस उत्तम. अडचण एकच, गावांची नावं. फ्रेंच लोक गेले, मागून इंग्रज आले, १९६८ साली तेही गेले. पण गावांची स्पेलिंगं फ्रेंचच राहिली. त्यातली निम्मी अक्षरं उच्चारायची नसतात, नुसती हजेरी लावायला आलेली असतात. पांप्लमूस हे नाव मी पाटीवर वाचलं तसं उच्चारल्यावर एका मुलीने माझ्याकडे डॉक्टरने जिभेकडे पाहावं तसं पाहिलं.

तर त्या पांप्लमूसची प्रसिद्ध बाग पाहायला आम्ही पोर्ट लुईच्या इमिग्रेशन स्क्वेअरला बसमध्ये चढलो. कंडक्टर आला. त्याने माझ्या पांढऱ्याशुभ्र डोक्याकडे पाहिलं, पायातल्या चपलांकडे पाहिलं, मांडीवरच्या छत्रीकडे पाहिलं, "तोंतों" असं काहीतरी प्रेमाने म्हणाला, खांद्यावर थोपटलं आणि हिच्याकडे वळला. हिच्याकडून मात्र पुरते पैसे घेऊन तिकीट फाडलं.

उलगडा मला दोन मिनिटांनी झाला. त्या देशात २००५ सालापासून साठीच्या पुढच्या नागरिकांना बसप्रवास फुकट आहे. कंडक्टरने मला तिथलाच कुणी म्हातारा समजून कार्ड न बघताच सोडून दिलं होतं. आणि हिचे केस (कसे काळे आहेत ते मी सांगणार नाही, मला घरात राहायचंय) पाहून तिला साठीच्या आतली ठरवलं होतं. त्यामुळे ही तर इतकी खूश, की तिकीट पर्समध्ये जपून ठेवलं.

आता पाहा. कंडक्टर खूश, ही खूश, मी फुकट. कुणाचं काय बिघडलं? मी मनातल्या मनात वकीलपत्र घेतलं. मुद्दा पहिला: मी खोटं बोललो नाही, मुळात बोललोच नाही. मुद्दा दुसरा: मला क्रिओल येत नाही, तेव्हा खुलासा करणार कुठल्या भाषेत? (टॅक्सीवाल्याशी घासाघीस करताना ही अडचण आली नव्हती.) मुद्दा तिसरा जरा भारदस्त होता. त्याच बस स्टँडच्या शेजारी आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून पुढे सुमारे पाच लाख हिंदी मजूर कराराने या बेटावर आणले गेले. महिना पाच रुपयांवर त्यांनी ऊस तोडला. त्यांत आपली कोकणातली आणि घाटावरची माणसंही होती. आपल्या माणसांनी एवढे हाल सोसले, मग आपल्याला एक तिकीट माफ व्हायला काय हरकत आहे?

हा मुद्दा मला इतका आवडला की मी खिडकीबाहेरच्या उसाकडे जरा मालकीच्याच नजरेने पाहू लागलो. पण ऊस फार वेळ पाहिला की विचार येतात. ज्यांनी तो तोडला ते माझे पूर्वज नव्हते. माझे पूर्वज त्या वेळी सदाशिव पेठेत चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत होते. ज्यांच्या पूर्वजांनी खरंच घाम गाळला ती माणसं याच बसमध्ये बसली होती, आणि मी फुकट बसल्याचे पैसे सरकार त्यांच्याच करातून भरणार होतं. हे म्हणजे लग्नात आहेर दुसऱ्याने द्यावा आणि पंगतीला आपण बसावं, तसं झालं.

एवढ्यात शेजारचा म्हातारा माझ्याकडे वळला. आमचं बोलणं तो ऐकत असावा. थांबत थांबत, शब्द शोधत म्हणाला, "तुमचा गाव कंचा?" त्याचा पणजा रत्नागिरीकडून आला होता. गावाचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. गणपती मात्र दर वर्षी बसतो; त्या दिवशी सगळ्या देशाला सुट्टी असते, हे त्याने अभिमानाने सांगितलं.

या माणसासमोर काय बोलणार? मी म्हटलं, "मी पुण्याचा. पाहुणा आहे इथे." आणि 'पाहुणा' हा शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडल्यावर मला बसवेना. उठलो, कंडक्टरला गाठलं, पैसे पुढे केले आणि हातवारे करून सांगितलं की, मी इथला नव्हे.

त्याने पैसे घेतले. तिकीट दिलं. आणि म्हणाला, "मेर्सी, मिस्ये."

मघाशी मी तोंतों होतो. तोंतों म्हणजे काका, हे म्हाताऱ्याने मागाहून सांगितलं. आता मिस्ये झालो, म्हणजे साहेब. त्या तिकिटाची खरी किंमत ही. फुकट बसलो होतो तोवर मी त्या बसमधला एक होतो. पैसे भरले आणि पर्यटक झालो. खरं बोललं की मनाला हलकं वाटतं म्हणतात. मला तर काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटलं. पण ते काकापण तरी माझं कुठे होतं? ते कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचं होतं, चुकून माझ्या पत्त्यावर आलेलं.

पांप्लमूसला उतरताना शेजारच्या म्हाताऱ्याने माझी विसरलेली छत्री खिडकीतून हातात दिली आणि म्हणाला, "सांबाळून जा, बाबा." त्याला तर मी कोण ते माहीत होतं. तेव्हा हे 'बाबा' मी हक्काने ठेवून घेतलं आहे.

परत आल्यावर पहिल्याच एस.टी.त मी ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टरने माझ्या पांढऱ्याशुभ्र डोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हात पुढे करून म्हणाला, "आधार दाखवा!"